बोर्डाला खोटं बोलायला पोरांनी नाही शिकवलं

परवा रविवारी जेवणं आटोपल्यावर भाच्याने मोबाईल पुढे केला, "मामा, हे बघ" म्हणाला. रस्त्याच्या कडेला ट्रॉलीवर ठेवलेला तो पिवळ्या दिव्यांचा बोर्ड असतो ना, वर सोलर पॅनल, 'पुढे काम चालू आहे, सावकाश' असलं काहीतरी सांगणारा, त्याच्यावर इंग्रजीत लिहिलेलं की सावधान, पुढे झोंबी आहेत. टेक्सासमधलं ऑस्टिन शहर, जानेवारी २००९, तिथल्या युनिव्हर्सिटीजवळचा रस्ता, आणि सकाळी कामावर निघालेली माणसं. रात्री कोणीतरी बोर्डाची पेटी उघडून मजकूर बदलला होता. घरातले सगळे हसले, मी पण हसलो, आईला आधी झोंबी म्हणजे काय ते सांगावं लागलं. ती म्हणाली म्हणजे वेताळ का, तर भाचा म्हणाला नाही गो आजी, मेलेला माणूस उठून चालत येतो तो, तर ती म्हणाली मग वेताळाचं नाव घेऊन हसू नकोस, तो गावाची राखण करतो. बरोबरच आहे तिचं. आमच्याकडे वेताळाला वहाणा देतात, रात्रभर फिरून झिजतात म्हणून. झोंबीला कोण वहाणा देतंय.

मग भाचा म्हणाला, आपल्या गोव्यात, पर्वरीला असं कोणी केलं तर? 'पूल संपला, आता पोहत जा.' परत सगळे हसले. पर्वरीच्या फ्लायओव्हरच्या कामात ज्याने डायव्हर्जन काढलेत तो प्रत्येक माणूस हसेल, कारण तिथे आज जो रस्ता असतो तो उद्या असेलच असं नाही. त्या हसण्यावरच मला लिहायचंय, कारण रात्री झोप येईना तेव्हा विचार आला की आपण नक्की कशाला हसलो? झोंबीला, की बोर्डाला?

आधी हे समजून घ्या की हे करायला फार मोठी हुशारी लागत नाही, सिनेमातल्यासारखं काळोख्या खोलीत हिरवी अक्षरं वगैरे काही नाही. ऑस्टिनच्या त्या प्रकरणानंतर जी चर्चा झाली ती हीच होती, की असल्या बोर्डांच्या पेट्यांना धड कुलूप नसतं आणि आतला पासवर्ड कंपनीने फॅक्टरीतून पाठवला तोच कोणी बदललेला नसतो. मग इंडियानात कोणीतरी पुढे डायनासोर आहेत असं लिहिलं, इलिनॉयमध्ये झोंबीमुळे लेन बंद झाली. २०१४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातले बोर्ड एकाने लांबून, नेटवरून बदलले आणि वर स्वतःचं टोपणनाव टाकलं, तिथेही विषय फॅक्टरीच्या पासवर्डावरच आला. २०१३ मध्ये मोंटानातल्या एका टीव्ही चॅनलवर सरकारी इशारा आला की मेलेली माणसं थडग्यातून उठतायत, कारण तेच, पासवर्ड. आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियात, सिलिकॉन व्हॅलीत, जिथे म्हणे सगळ्या जगाचं कॉम्प्युटरचं डोकं बसलंय, तिथे रस्ता ओलांडायची बटणं मस्क आणि झुकरबर्गच्या नकली आवाजात बोलायला लागली. आंधळ्या माणसाला 'थांब' की 'चल' ते सांगायला ठेवलेलं बटण, आणि ते झुकरबर्गच्या आवाजात बडबड करतंय. इथे मात्र मला हसू आलं नाही. सोळा वर्षं गेली मध्ये, तरी आपण पेटी उघडीच ठेवतोय.

आपल्याकडेही फार वेगळं नाही. पाटणा स्टेशनच्या टीव्हीवर २०२३ मध्ये प्लॅटफॉर्मवरच्या बायकापोरांसमोर घाणेरडी क्लिप लागली होती, दिल्लीत राजीव चौक मेट्रोच्या स्क्रीनवर २०१७ मध्ये तेच झालं होतं. कोणाची खोडी, कोणाचा निष्काळजीपणा ते सोडा, स्क्रीन लावणारा स्क्रीन लावून निघून जातो आणि मग तिच्यावर काय दिसतंय याला धनी कोणी नसतो, एवढं त्यातून कळतं.

आता एक कबुली. आम्ही पण हे केलंय. कॉलेजात असताना, जत्रेच्या दिवशी, गावच्या तिठ्यावर देवळाकडे जायचा बाण काढलेली लाकडी पाटी होती ती आम्ही चार पोरांनी उलटी फिरवली. मजा म्हणून, दुसरं काही नाही. होळीच्या रात्री लोकांच्या परसातलं लाकूडफाटा पळवायचो ना, त्याच हिशेबात. गावातल्या एकाही माणसाला त्याचा त्रास झाला नाही, कोणी पाटी बघितलीच नाही, जो तो सरळ देवळात. पण रात्रीच्या नाटकाचे पडदे, कपडे आणि लाइटिंग घेऊन येणारा टेम्पो बाहेरगावचा होता, तो बाणाप्रमाणे गेला आणि भलत्याच वाड्यावर जाऊन चिखलात रुतला, तेव्हा मोबाईल नव्हते, साडेदहाचं नाटक दीडला उभं राहिलं. म्हातारे पेंगले, पोरं रडून घरी गेली. दुसऱ्या दिवशी देवस्थानच्या अध्यक्षांनी आम्हाला बोलावलं, मारलं नाही की शिव्या दिल्या नाहीत, फक्त म्हणाले, "अरे, ती पाटी तुमच्यासाठी नव्हती रे. तुम्हाला वाट ठाऊक आहे."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. पाटी ही ज्याला वाट ठाऊक नाही त्याच्यासाठी असते. खोडी काढणारा नेहमी गावचा, आणि भोगणारा बाहेरचा, म्हणून खोडी काढणाऱ्याला तिचा खरा परिणाम कधी दिसतच नाही. आणि गोव्यात तर रस्त्यावर बाहेरचा माणूस किती आहे बघा, रेंट अ बाईकवाले आहेत, चोर्ल्याच्या नाहीतर अनमोडच्या घाटातून रात्री उतरणारे ट्रकवाले आहेत, मोपाला विमानातून उतरून टॅक्सी न घेता भाड्याची गाडी स्वतः चालवत निघालेले आहेत. आपण फोंड्याहून पणजीला जाताना बोर्ड वाचत नाही, कुठे खड्डा आहे ते कमरेला पाठ असतं. पण सांगे नाहीतर काणकोणहून पेशंट घेऊन बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, निघालेला माणूस, ज्याने तो नवीन डायव्हर्जन आयुष्यात पहिल्यांदा बघितलाय, तो बोर्डाच्या जिवावर चाललेला असतो. त्याच्यासाठी ते विनोदाचं पान नाही.

अमेरिकेतच, फ्लोरिडात, १९९६ मध्ये एका चौकातली 'थांबा'ची पाटी खाली पडलेली होती आणि अठरा वर्षांची तीन पोरं गाडीतून न थांबता पुढे गेली, ट्रकखाली मेली. पाट्या उपटायचा छंद असलेल्या तिघांना त्यात प्रत्येकी १५ वर्षांची शिक्षा झाली, पुढे २००१ मध्ये अपिलात ती रद्द झाली, कायद्याचा कीस खूप पडला. तो कीस बाजूला ठेवला तरी मेलेली तीन पोरं परत येत नाहीत, आणि पाट्या उपटणारेही विशीतलेच होते, माझ्या भाच्यासारखे, मी होतो तसे.

कोणी म्हणेल, पाटी उपटणं वेगळं आणि झोंबी लिहिणं वेगळं, झोंबीवर कोण विश्वास ठेवतोय, कोण घाबरून ब्रेक मारतोय? मला पण असंच वाटायचं. पण त्याच टेक्सासमध्ये सरकारने स्वतः चांगल्या हेतूने महामार्गाच्या बोर्डांवर 'या वर्षी रस्त्यांवर इतके मेले' असा आकडा दाखवायला सुरुवात केली होती, महिन्यातला एक आठवडा. २०२२ मध्ये 'सायन्स' या मासिकात त्याचा अभ्यास छापून आला, त्यात निघालं की ज्या आठवड्यात आकडा दिसायचा त्या आठवड्यात बोर्डाच्या पुढच्या दहा किलोमीटरमध्ये अपघात साडेचार टक्क्यांनी वाढायचे. मजकूर खरा होता, सरकारी होता, तरी माणसाचं डोकं त्यात अडकलं. ताशी साठने जाणारी गाडी सेकंदाला सोळा सतरा मीटर कापते, बोर्ड वाचून, हसून, बाजूच्याला 'बघ बघ' म्हणून मोबाईल काढेपर्यंत पाच सेकंद धरले तर ऐंशी मीटर गाडी कोणीच चालवत नव्हतं. तेव्हा 'निरुपद्रवी विनोद' हा शब्द रस्त्यावर तरी वापरू नका, घरी सोफ्यावर वापरा.

इथपर्यंत भाच्याला पण पटलं. पण मग त्याने जे विचारलं त्याने माझीच पंचाईत झाली. म्हणाला, मामा, ते सगळं ठीक, पण तू स्वतः शेवटचं कधी बोर्डावर विश्वास ठेवलास?

खरं सांगू? नाही आठवत. माझ्या रोजच्या वाटेवर एक असाच दिव्यांचा बोर्ड आहे, कोणाचा ते लिहीत नाही, 'पुढे रस्ता बंद, डावीकडे वळा' असं सांगतो. पहिल्या दिवशी मी इमानदारीत डावीकडे वळलो, वीस मिनिटं आतल्या आतल्या रस्त्याने, गुरांच्या मधून, एका लग्नाच्या मंडपाला वळसा घालून बाहेर आलो, आणि बघतो तर ज्या रस्त्याला बंद म्हटलं होतं त्याच्यावरून कदंबची सरकारी बस आरामात येतेय. काम कधीच संपलं होतं. बोर्ड आजही तेच सांगतोय, पावसाळा गेला, चतुर्थी गेली, दिवाळीला नरकासुर जाळून झाला, बोर्ड आपला डावीकडे वळा, डावीकडे वळा. आम्ही रोजचे सगळे सरळ जातो. नवीन माणूस बोर्ड वाचून गोंधळतो, मधेच ब्रेक मारतो, मागचा त्याची आयमाय काढतो. आता मला सांगा, हा बोर्ड आणि झोंबीवाला बोर्ड यात फरक काय? मला तर वाटतं झोंबीवाला जास्त प्रामाणिक, कारण तो खोटं बोलतोय हे बघितल्या बघितल्या कळतं.

आणि उलट पण आहे, जिथे बोर्ड हवा तिथे नसतो. काम चालू असलेल्या रस्त्यावर काय काय लावायचं, किती अंतरावर, रात्री चमकणारं कसं, याचं इंडियन रोड्स काँग्रेसचं एक अख्खं पुस्तक आहे, एसपी ५५ म्हणतात त्याला, वाचायला बरं आहे. प्रत्यक्षात काय असतं, तर डांबराचं पिंप, त्यात खोचलेली झाडाची फांदी, आणि फांदीला बांधलेली लाल पिशवी. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ एक गाडी अर्धवट पुलावरून सरळ रामगंगेत पडली, तिघे गेले, मोबाईलच्या मॅपवर रस्ता दिसत होता आणि पुलाच्या तोंडाशी अडवायला धड काही नव्हतं. तिथे कोणी हॅकर नव्हता. हवाईमध्ये जानेवारी २०१८ ला मिसाईल येतंय, आसरा घ्या असा मेसेज लोकांच्या फोनवर आला, ३८ मिनिटांनी कळवलं की चूक झाली, तोही कोणा टवाळ पोराने पाठवला नव्हता, ड्यूटीवरच्या माणसाने पाठवला होता.

लोकांचा बोर्डावरचा विश्वास ही सरकारी मालमत्ता आहे असं मी धरतो, पूल असतो, पाण्याची टाकी असते तशी. ती पोरांनी चोरून खायच्या आधी सरकारी खातंच खातं. खरं नसताना बोर्ड चालू ठेवला की थोडा खाल्ला, खरं असताना लावलाच नाही की आणखी थोडा. मग एक दिवस धोका खराच असतो आणि कोणी ऐकत नाही. आपल्या गोव्यातल्या कुडचड्याचा तो पोर्तुगीज काळातला पादचारी पूल आठवा, मे २०१७. वापराला बंद केलेला, जीर्ण झालेला पूल, नदीत एकाने उडी मारली म्हणून शोधकार्य बघायला माणसं त्याच पुलावर चढली आणि पूल कोसळला, कितीतरी माणसं पाण्यात. मी त्या माणसांना मूर्ख म्हणणार नाही. आपल्याकडे 'बंद' लिहिलेल्या किती गोष्टी खरोखर बंद असतात? समुद्रावर लाल बावटा लावलेला असतो आणि जीवरक्षक शिट्टी फुंकून फुंकून दमतो, तिथे पण हेच.

डलासमध्ये २०१७ च्या एप्रिलमध्ये कोणीतरी चक्रीवादळाचे भोंगे रात्री वाजवले, एकूण १५६ भोंगे, रात्री पावणेबाराच्या सुमारास सुरू झाले ते मध्यरात्र उलटून गेल्यावर बंद झाले, शेवटी सिस्टीमच बंद करावी लागली. ज्याने वाजवले त्याला मजा आली असेल. पण पुढच्या खऱ्या वादळात कूस बदलून झोपलेला माणूस त्याच्या हिशेबात कुठेच नाही. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण शाळेत ऐकतो तेव्हा पोराला शिक्षा झाली म्हणून खूश होतो, पण मेंढ्या कोणाच्या गेल्या ते कोणी विचारत नाही.

आता शिक्षेचं बघू, कारण मला खरा राग तिथे येतो. उद्या माझ्या भाच्याने असा बोर्ड फोडून त्यात काही लिहिलं, तर आयटी कायद्याचं कलम ६६ आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११६ मध्ये स्पष्ट लिहिलंय की वाहतुकीच्या चिन्हाला मुद्दाम कोणी हात लावायचा नाही, हलवायचं नाही, बदलायचं नाही. इतकंच काय, तुमची गाडी चुकून पाटीला आपटून पाटी निकामी झाली तर चोवीस तासांत पोलिसांना कळवायचं, हे पण त्यातच आहे (कोण कळवतं म्हणा, आपण पाटी सरळ करतो, इकडे तिकडे बघतो आणि सुटतो). हे सगळं मला मान्य. पण ज्याने बोर्ड उघडा ठेवला, खोटा ठेवला, किंवा लावलाच नाही, त्याचं काय? २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९८अ आलं, रस्त्याची रचना, बांधकाम, देखभाल ठरल्याप्रमाणे केली नाही तर जबाबदार खात्याला किंवा कंत्राटदाराला दंड, जास्तीत जास्त एक लाख. आणि तो कधी, तर त्यामुळे कोणी मेला किंवा अपंग झाला तर. म्हणजे पोराने कोणाला काही न होता झोंबी लिहिलं तरी तीन वर्षांची टांगती तलवार, आणि खात्याने माणूस मारला तर एक लाख, ते पण सिद्ध झालं तर. आमच्याकडच्या एखाद्या लग्नाच्या मंडपाला याच्यापेक्षा जास्त लागतात.

म्हणून पोरांना सोडून द्या म्हणत नाही मी. भाच्याचे काही मित्र म्हणे असं मानतात की आम्ही फक्त दाखवून दिलं, सिस्टीम किती कच्ची आहे ते, आमचे आभार माना. हे मला अजिबात पटत नाही. शेजारच्या काकूंच्या दाराला किल्ली तशीच राहिली तर आपण 'ओ काकू, किल्ली' म्हणून हाक मारतो, आत जाऊन फ्रीज हॉलमध्ये आणून ठेवत नाही आणि वर काकूंना सुरक्षेवर भाषण देत नाही. पण त्याच वेळी हेही खरं की काकूंना हाक मारता येते, इथे हाक मारायची कोणाला? बोर्डावर नाव नाही, फोन नंबर नाही, तो कोणत्या खात्याचा, कोणत्या कंत्राटाचा, कळायला मार्ग नाही. आणि एखाद्या हुशार पोराने बाबा तुमचा पासवर्ड अजून फॅक्टरीचाच आहे असं लिहून कळवलं, तर तुला कसं कळलं म्हणून आधी त्यालाच बसवून घेतील की काय ही भीती. भीती खोटी आहे का? मला तरी ती खोटी आहे असं भाच्याला सांगता आलं नाही.

माझं मागणं फार मोठं नाहीये. प्रत्येक फिरत्या बोर्डावर गाडीच्या नंबर प्लेटसारखा नंबर असावा, कोणाचा आहे ते आणि एक फोन. त्याच्यावरचा मजकूर कधीपर्यंत खरा आहे ती तारीख आत टाकल्याशिवाय तो पेटूच नये, आणि तारीख गेली की आपोआप विझावा, दुधाच्या पिशवीवर तारीख असते तर रस्त्याच्या बोर्डावर का नको. पासवर्ड बदलला का हे कंत्राटाच्या बिलाच्या आधी तपासा, बिल अडलं की सगळं होतं हे आपल्याला माहीत आहे. आणि झोंबी लिहिणाऱ्या पोराला जेलच्या ऐवजी महिनाभर रात्री डायव्हर्जनवर रिफ्लेक्टरचं जॅकेट घालून लाल बॅटरी हातात देऊन उभा करा, मग त्याला बाहेरगावचा माणूस म्हणजे काय ते कळेल.

हे सगळं बोलून झाल्यावर भाचा म्हणाला, मग तो तुझा डावीकडे वळावाला बोर्ड, त्याचं तू काय केलंस? काहीच नव्हतं केलं. म्हणून काल संध्याकाळी येताना थांबलो. बाजूला लोखंडी सामानाच्या राखणीला एक पोरगा बसलेला, कुठला तरी लांबचा, त्याला विचारलं हा बोर्ड कोणाचा, साहेब कोण, बंद कोण करणार. साहेबाचा नंबर त्याच्याकडे नव्हता. बोर्ड रात्री डोळ्यावर येतो म्हणून त्यालाही झोप लागत नाही म्हणाला. मग माझ्याकडे बघून अगदी आपुलकीने म्हणाला, "साब, बक्सा तो खुला ही है, आप ही बंद कर दो ना."

पेटीचं झाकण खरंच उघडं होतं, वाऱ्याने हलत होतं. आत हात घातला असता तर एका मिनिटाचं काम. पण मला कलम ११६ आठवलं. तो बंद केला असता तर गुन्हेगार मी ठरलो असतो, म्हणून झाकण तेवढं लोटलं आणि नेहमीसारखा सरळ निघून आलो.